एकेरीत ७३ वा, तरी देशासाठी पहिला: लिएंडर पेसची कारकीर्द कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकेरीत लिएंडर पेस कधी ७३ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. एटीपीचं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधलं, एकेरीचं विजेतेपद त्याच्या नावावर एकच आहे. ग्रँडस्लॅम मिळाली ती सगळी दुहेरीत नाहीतर मिश्र दुहेरीत. मग त्याला देशाचा सर्वांत मोठा टेनिसपटू का म्हणतात? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याचे कोच त्याला आठवड्यातून दोन दिवस दुहेरी खेळायला लावतात, तर त्याचा वेळ फुकट जातोय का?

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं मुलांना टेनिस शिकवतोय. नेटजवळ कसं उभं राहायचं, याबद्दल मी मुलांना जे सांगतो त्यातलं निम्मं लिएंडरच्या मॅचेस बघून शिकलोय. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. एकेरी हाच निकष असेल तर लिएंडर आपल्याकडचा पहिला नाही. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. विजय अमृतराजांनी १९७३ मध्ये एकाच वर्षात विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्हीकडे उपांत्यपूर्व फेरी गाठली. रमेश कृष्णनही क्रमवारीत लिएंडरच्या कितीतरी वर होता. पण क्रमवारी नेमकं काय मोजते, ते बघा. मागच्या ५२ आठवड्यांत कुठल्या स्पर्धेत किती फेऱ्या जिंकल्या याची ती बेरीज असते. आज एका देशात, परवा दुसऱ्या, कधी क्ले म्हणजे मातीचं कोर्ट, कधी हार्ड कोर्ट, समोर रोज नवा माणूस. या फिरतीत दर आठवड्याला टिकून खेळणाऱ्याला ती वर नेते. शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी असं सलग तीन दिवस देशासाठी कोर्टवर उतरून तिन्ही दिवस कोण जिंकू शकतो, हे तिच्यात दिसत नाही.

आणि जुना डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली सांघिक स्पर्धा, नेमका हाच होता. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी उलट जोड्या लावून पुन्हा दोन एकेरी. पाचपैकी तीन जिंकले की टाय, म्हणजे दोन देशांमधली ती लढत, आपली. प्रत्येक मॅच पाच सेटची. कॅप्टन कोर्टवरच, खेळाडूच्या बाकावर. घरच्या टीमला कोर्टचा पृष्ठभाग निवडायचा हक्क. यातलं गणित असं, की एक माणूस दोन्ही एकेरी आणि मधली दुहेरी खेळला, तर तो एकटा तीन गुण आणू शकतो. आपल्याकडे बरीच वर्षं हा भार लिएंडरच्या पायांवर होता. एकेरीत ४८ विजय, दुहेरीत ४५, मिळून ९३. दुहेरीचे ४५ हा तर डेव्हिस कपच्या इतिहासातला विक्रम आहे.

आता त्याचा खेळ. लिएंडरची सर्व्हिस वेगवान नव्हती. बॅकहँड बहुतेक वेळा स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारलेला. बेसलाइनवरून लांब रॅली करत कुणाला दमवावं, असं त्याचं हत्यारच नव्हतं. संथ कोर्टवर चांगला खेळाडू त्याच्या बॅकहँडला उंच उडणारे चेंडू देत राही आणि त्याला मागे अडकवून ठेवी. क्रमवारीतल्या ७३ चं कारण तेवढंच.

पण नेटजवळ तो वेगळाच माणूस होता. त्याच्या कुठल्याही मॅचचा व्हिडिओ लावा आणि दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याचे पाय बघा. तो सर्व्हिस करून पुढे धावत येतो. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागते त्याच क्षणी हा दोन्ही पायांवर एक छोटी उडी घेतो, आणि समोरून चेंडू निघेपर्यंत पाय जमिनीला लागलेले, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. डावीकडे जायचं की उजवीकडे हे तो जमिनीला पाय लागताना ठरवतो. याला आम्ही स्प्लिट स्टेप म्हणतो. शिकवायला पाच मिनिटं लागतात, अंगात मुरायला पाच वर्षं. बहुतेक मुलं ती उडी उशिरा घेतात, त्यामुळे चेंडू आला तरी पाय हवेतच असतात. लिएंडरची उडी चुकलेली मला क्वचितच दिसली.

मग हात बघा. व्हॉली (टप्पा पडण्याआधीच हवेत टोलवलेला चेंडू) मारताना त्याची रॅकेट खांद्याच्या मागे जातच नाही. ती छातीपुढे, कोपर अंगाच्या पुढे, मनगट घट्ट. चेंडूचा सगळा जोर रॅकेटच्या जाळीत शोषून घेऊन तो नेटपासून हातभर अंतरावर अलगद टाकायचा, किंवा तसाच तिरपा कोपऱ्यात ढकलायचा. 'हात चांगला आहे' असं आम्ही कोच लोक म्हणतो, ते याच गोष्टीबद्दल. आणि दुसऱ्या सर्व्हिसवर त्याची आवडती चाल: दोन पावलं आत येऊन चेंडू खाली घासून परत द्यायचा आणि त्याच्यामागोमाग नेट गाठायचं. गवतावर असा चेंडू उसळी घेत नाही, सरपटत जातो. समोरच्याला वाकून उचलावा लागतो, आणि मान वर करावी तर हा नेटवर उभा. सर्व्हिस करणाऱ्याला पुढची दुसरी सर्व्हिस टाकताना ते आठवतं, हात आखडतो आणि डबल फॉल्ट होतो, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो.

हा खेळ फिरतीच्या वर्षभरात फारसा गुण देत नव्हता. पण भारतातलं गवत, मधला शनिवार आणि पाच सेट, यांच्यासाठी तो अगदी नेमका होता.

पहिली पायरी चंदीगडला. १९९० चा फेब्रुवारी, जपानविरुद्धची टाय. लिएंडरला सतरा वर्षं पूर्णही झाली नव्हती. कॅप्टन नरेश कुमार यांनी त्याला झीशान अलीबरोबर दुहेरीत उतरवलं, आणि पाचवा सेट १८-१६ असा जिंकून तो बाहेर आला. सोळा वर्षांचं पोर, चौतीस गेम्सचा एक सेट. त्याच वर्षी तो विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद घेऊन आला. मद्रासच्या ब्रिटानिया अमृतराज अकादमीत तो बारा वर्षांचा असताना गेला होता, त्या अकादमीचं हे फळ.

मग १९९३. फ्रान्सला, फ्रेजुसला, तेही क्लेवर, म्हणजे त्याचा खेळ जिथे सर्वांत कमी चालावा अशा ठिकाणी. समोर दोनच वर्षांपूर्वी डेव्हिस कप जिंकलेला देश. लिएंडरने आर्नो बोएश आणि आन्री लकोंत दोघांनाही हरवलं आणि भारताने टाय ३-२ अशी जिंकली. लकोंत म्हणजे १९९१ च्या अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रासला हरवणारा माणूस. त्या विजयाने भारत उपांत्य फेरीत गेला. तिथे चंदीगडला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ५-० असं धुतलं, तेही सांगायला हवं.

मला स्वतःला सर्वांत मोठी वाटते ती १९९५ ची दिल्ली. क्रोएशियाविरुद्धची टाय, गवताचं कोर्ट, समोर गोरान इव्हानिसेविच. डावखुरा, उंचापुरा, त्या काळातली सर्वांत भेदक सर्व्हिस, जगातल्या पहिल्या दहांतला. गवतावर त्याची सर्व्हिस फोडायची, त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकायचा, म्हणजे दगडावर डोकं आपटण्यासारखं. पहिला सेट ६-७, दुसरा ४-६. दोन सेट गेलेले. इथून लिएंडरने तिसरा टायब्रेकवर (६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर) काढला, चौथा ६-४, पाचवा ६-१.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा: ६-७, ४-६, ७-६, ६-४, ६-१. मी हा स्कोअर मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. पहिल्या तीन सेटमध्ये दोघांत जेमतेम एक-दोन गेमचा फरक आहे. म्हणजे दोन सेट हरतानाही लिएंडर आपली सर्व्हिस जवळजवळ प्रत्येक वेळी राखत होता. ज्याची सर्व्हिस इतकी जोरदार नाही, त्याला ती राखण्यासाठी प्रत्येक वेळी नेटपर्यंत पळावं लागतं, पहिली व्हॉली खालून उचलावी लागते. तेवढं काम तो दोन सेट पिछाडीवर असतानाही न कंटाळता करत राहिला. मोठ्या सर्व्हिसवाल्याचा सगळा डाव हा असतो, की समोरचा कंटाळेल. समोरचा कंटाळत नाही हे कळलं की त्याचा तोल जातो. शेवटचा ६-१ तिथून येतो. याच इव्हानिसेविचने पुढे २००१ मध्ये विम्बल्डन जिंकलं.

आणि पुढच्या वर्षी अटलांटा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तपशील विसरले जातात. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये लिएंडर वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीबाहेरून मिळालेल्या खास प्रवेशावर, खेळला. पहिल्या फेरीत गाठ सॅम्प्रासशी पडायची होती, त्याने माघार घेतली आणि समोर रिची रेनबर्ग आला. मग निकोलस परेरा, मग थॉमस एन्क्विस्ट, मग रेन्झो फुर्लान. उपांत्य फेरीत आंद्रे आगासीने ७-६, ६-३ असं हरवलं. आगासीच पुढे सुवर्ण जिंकला. कांस्यपदकाची मॅच ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशी. मनगट दुखावलेलं, पहिला सेट ३-६ गेला, मग ६-२, ६-४. तारीख ३ ऑगस्ट.

आपल्या मराठी माणसांना या पदकाचं मोल वेगळं सांगायला नको. त्याआधीचं भारताचं वैयक्तिक पदक होतं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, १९५२ च्या हेलसिंकीतलं, कुस्तीचं कांस्य. मधली ४४ वर्षं रिकामी. खाशाबांनंतर तो धागा पुन्हा कुणी धरला, तर या कलकत्त्याच्या मुलाने. त्याच्या घरात ऑलिंपिक पदक आधीच होतं. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या हॉकी संघात होते. आई जेनिफर बास्केटबॉलमध्ये देशाची कॅप्टन. लहानपणापासून घरात देशाची जर्सी वाळत घातलेली बघणाऱ्या मुलाला देशासाठी खेळणं म्हणजे काय, ते वेगळं शिकवावं लागत नसावं.

आता दुहेरीकडे येतो, कारण तुमचा खरा रोख तिथे आहे. दुहेरी म्हणजे एकेरीत न जमणाऱ्यांची सोय, असं बरेच पालक मानतात. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटतं. कोर्ट २७ फुटांवरून ३६ फूट रुंद होतं, पण ते सांभाळायला दोघं असतात, म्हणजे माणशी जागा कमीच. चेंडू हवेतून हवेत फिरतो, विचार करायला एकेरीच्या निम्माही वेळ नाही. रिटर्न चार इंच वर गेला की नेटवरचा माणूस तो खाली आपटतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: स्वतःचं चुकलेलं नसताना हरलेला पॉइंट पोटात घालून पार्टनरच्या हातावर टाळी द्यायची.

महेश भूपतीबरोबर लिएंडरची जोडी इतकी जमली, कारण दोघांचे कमी-जास्त भाग एकमेकांत बसले. महेशची सर्व्हिस जड, बॅकहँडचा रिटर्न भक्कम. लिएंडर नेटवर, एका जागी न थांबणारा. महेश सर्व्हिस करतोय आणि लिएंडर मधल्या रेषेकडे झेपावतोय, हे दिसलं की समोरच्याला रिटर्न कुठे मारावा हेच सुचत नसे. या झेपेला पोचिंग म्हणतात. तो खरंच गेला त्यापेक्षा तो जाईल या धास्तीनेच जास्त पॉइंट मिळत. १९९९ मध्ये ही जोडी चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत पोचली. फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकली. जगात पहिल्या क्रमांकावर गेली. २००१ ला पुन्हा फ्रेंच. डेव्हिस कपमध्ये दोघांनी मिळून सलग २४ मॅचेस जिंकल्या, तोही विक्रमच. तुम्ही कॅप्टन आहात असं समजा. टाय सुरू व्हायच्या आधीच शनिवारचा गुण खिशात आहे. मग शुक्रवारी दोनपैकी एक एकेरी जिंकली तरी रविवारी दोन संधी हातात राहतात. आपल्यापेक्षा एकेरीत कितीतरी सरस देशांशी आपण बरोबरीने भिडलो, त्याच्या मागे ही जोडी होती.

त्यांचं बिनसलं, त्याबद्दल लोक फार बोलतात. कोण बरोबर नि कोण चूक, हे मला ठरवायचं नाही. पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या आधी कोण कुणाबरोबर खेळणार यावरून जे झालं, ते टेनिस शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना लागलं, आणि लिएंडरच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना ते झाकून ठेवणं योग्य होणार नाही. दुहेरीत दोन माणसं लागतात, आणि देशाकडे एकावेळी एवढ्या तोडीची दोन माणसं पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही. त्याहून जास्त चटका लावणारी एक जुनी मॅच आहे. २००४, अथेन्स ऑलिंपिक, याच जोडीची कांस्यपदकाची लढत, समोर क्रोएशियाचे ल्युबिचिच आणि आंचिच. तिसरा सेट १४-१६. एवढ्यासाठी पदक हुकलं. ती मॅच संपली तेव्हा मी बराच वेळ टीव्ही बंद केला नव्हता.

बाकीचं भरभर सांगतो. २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोवाबरोबर ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन मिश्र दुहेरी जिंकली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मेंदूत गाठ असल्याच्या शंकेने तो हॉस्पिटलमध्ये होता. निघाला तो परजीवीचा संसर्ग, आणि तो परत कोर्टवर आला. मार्टिन डॅम, लुकास डलूही, राडेक स्टेपानेक, कारा ब्लॅक, मार्टिना हिंगीस: पार्टनर बदलत गेले, विजेतेपदं येत गेली. पुरुष दुहेरीत ८, मिश्रमध्ये १०. यूएस ओपन २०१३ ला जिंकली तेव्हा वय ४०. बार्सिलोना १९९२ पासून रिओ २०१६ पर्यंत सलग सात ऑलिंपिक. एप्रिल २०१८ मध्ये चीनमध्ये तिआनजिनला भारत ०-२ मागे असताना रोहन बोपण्णाबरोबर ५-७, ७-६, ७-६ अशी दुहेरी काढली. तो त्याचा डेव्हिस कपमधला ४३ वा दुहेरी विजय, निकोला पिएत्रांजेलीचा ४२ चा विक्रम तिथे मोडला. उरलेल्या दोन एकेरी आपल्या मुलांनी जिंकल्या आणि टायही आपली झाली. शेवटचा विजय मार्च २०२० मध्ये झाग्रेबला, पुन्हा क्रोएशियाविरुद्ध, वय ४६.

त्याच्या महिनाभर आधी तो बालेवाडीत खेळला, मॅथ्यू एब्डनबरोबर. मी अकादमीतल्या अकरा मुलांना घेऊन गेलो होतो आणि आम्ही मुद्दाम सर्व्हिस लाइनच्या सरळ रेषेत जागा धरली. त्याचे पाय मंदावले होते, हे मला दिसत होतं. चेंडू डोक्यावरून गेला की मागे फिरायला त्याला आधीपेक्षा वेळ लागत होता. पण समोरच्याची रॅकेट पुढे आली की ती छोटी उडी तशीच, तेवढ्याच वेळेवर. माझ्या शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीने काही वेळाने त्याच्याबरोबर खुर्चीतल्या खुर्चीत टाचा उचलायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये विजय अमृतराजांबरोबर त्याला न्यूपोर्टच्या आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. हा मान मिळालेले हे पहिले दोन आशियाई पुरुष. तुम्ही म्हणता ते एकेरीचं एकमेव विजेतेपद त्याने १९९८ मध्ये जिंकलं, तेही याच न्यूपोर्टच्या गवतावर.

तर तुमच्या मुलाबद्दल. कोच बरोबर करताहेत. आठवड्यातले दोन दिवस दुहेरी चौदाव्या वर्षी अजिबात जास्त नाही. एकेरीची तयारी करणाऱ्या मुलालाही रिटर्न खाली ठेवणं, पहिली व्हॉली खोल टाकणं आणि दडपणात दुसरी सर्व्हिस टाकणं हे दुहेरीतच लवकर येतं. बेसलाइनवर तासन्‌तास मारत राहणारी मुलं सतराव्या वर्षी नेटवर आली की हात वर करून स्वतःचं तोंड वाचवतात, हे मी वारंवार बघतो. आपल्याच पुण्याचा गौरव नाटेकर आठवा. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडरबरोबर दुहेरीचं सुवर्ण त्याने जिंकलं.

फक्त त्याच्या कोचना एक गोष्ट विचारा: दुहेरीच्या दिवशी तो नुसत्या मॅचेस खेळतो की काही करून घेतलं जातं? नुसत्या मॅचेस असतील तर सुरुवातीची वीस मिनिटं अशी वापरायला सांगा. मुलगा सर्व्हिस लाइनवर उभा, कोच समोरच्या बेसलाइनवरून चेंडू देणार, आणि मुलाने कोचची रॅकेट पुढे येताना मोठ्याने 'हप्' म्हणून उडी घ्यायची. 'हप्' उशिरा आला की तो चेंडू मोजायचा नाही. पाठीमागे हलवता येणारी जाळी अगदी चिकटून असू द्या, म्हणजे रॅकेट मागे नेली की तिला लागेल. पहिले पंधरा दिवस तो वैतागेल. महिन्याभराने त्याचा व्हिडिओ काढा, दिल्लीच्या त्या मॅचशेजारी लावा, आणि दोघांचेही फक्त पाय बघा.